तुसाचं छत

तालुक्याच्या कचेरीत, कुठल्या तरी लोखंडी कपाटात, माझ्या सहीचं एक वाक्य पडून आहे. 'सदर शाळेचे छत उंदरांनी खाल्ले असल्याने पुढील आदेश व्हावेत.' केंद्रप्रमुख म्हणून मी हजारो वाक्यं लिहिली. 'अध्यापन समाधानकारक', 'परिसर स्वच्छ', 'पालकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. त्यांतलं एकही कधी परत आलं नाही. हे एक वाक्य शब्दशः खरं होतं, आणि खुलासा मागवला गेला तो याच वाक्याचा.

खुलाशात मला सखूआक्कांचं नाव घालता आलं नाही. कागदोपत्री त्या 'स्वयंपाकी तथा मदतनीस' होत्या आणि छत हा विषय त्यांच्या कक्षेत येत नव्हता. ते राहून गेलेलं नाव लिहावं, म्हणून हा उद्योग.

हिर्डोशीपर्यंत एसटी जाते, तिच्या मनात असेल तेव्हा. तिथून वर वाडीला पाऊण तास चालायचं. वाडीच्या टोकाला एका खोलीची शाळा, वर पत्रा, आत अठरा मुलं आणि एक शिक्षक. वरंध घाटाच्या अंगाचा तो पाऊस. डोक्यावर लोखंडी घमेलं उपडं घालावं आणि वरून कुणीतरी खडी ओतत राहावं, चार महिने, असा त्या खोलीतला आवाज. आधीच्या गुरुजींनी त्यावर तोडगा काढला होता. मुलांनी पुस्तकातला धडा वहीत उतरवायचा आणि गुरुजींनी दारात उभं राहून पाऊस बघायचा. मुलांची अक्षरं मोत्यासारखी झाली. आपणच लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे, एवढंच. मी शेरा दिला होता, 'हस्ताक्षर उत्कृष्ट'.

मग वाघमारे बाई आल्या. आडनाव वाघमारे, आवाज चिमणीचा. त्यांना हा तोडगा मान्य नव्हता. त्या दोन पावसाळे ओरडून शिकवत राहिल्या. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी भोरच्या डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं, की गाठी धरल्यात. आणखी एक पावसाळा असंच ओरडलात तर आवाज परत येईल याची हमी मी देत नाही. बाईंनी बदलीचा अर्ज लिहिला. त्यांच्या जागी तिथं दुसरं कोणी येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. शाळा खालच्या गावातल्या शाळेत विलीन करायचा कागद आधीच फिरत होता, आणि मधे ओढा होता. सहा वर्षांचं मूल पावसाळ्यात तो ओढा ओलांडून शाळेत जात नाही. ते घरी बसतं, आणि मग घरीच राहतं. थोडक्यात, बाईंचा घसा राहिला तर शाळा राहणार होती.

ही गोष्ट माझ्याइतकीच आक्कांना कळली होती. फरक एवढाच, की मी त्यावर टिपणी तयार केली.

सखूआक्कांचं माहेर वेल्ह्याकडचं, राजगडाखालचं पाली. लग्न करून या वाडीत आल्या, आणि नवऱ्यामागून पुण्याला गेल्या. तिथं रबराच्या गाद्या करणाऱ्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं घुसळण खात्यात होत्या. रबराचा चीक फेसाळवणारी यंत्रं दिवसभर कानाशी. निरोप देताना कारखान्यानं शाल आणि नारळ दिला. कान ठेवून घेतले. वाडीला परतून शाळेची चूल धरली तेव्हा अगदी बहिऱ्या नव्हत्या, पण समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवूनच त्यांना बोलणं कळे. कुणी बोलताना तोंडावर हात धरला तर त्या पुढे होऊन तो हात खाली करत. सरपंचाचाही केला होता, माझाही केला. आणि वस्तू दिसली की बोटाच्या पेरानं ठोकून बघायची सवय. भिंत, भोपळा, दरवाजा, मोटरसायकलची टाकी. ऐकत नसत, बोटाला काय लागतं ते बघत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. बाईंनी मुलांना "ऐकू आलं का?" विचारलं आणि मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणाली, की आक्का स्वयंपाकाच्या खोलीतून येऊन म्हणत, "आसं इचारायचं न्हाई. कान लाचार आसतो, तो हो म्हंतो. काय ऐकू आलं ते इचारायचं."

मी अर्ज घ्यायला गेलो तेव्हा आश्विनातला शेवटचा पाऊस पत्र्यावर कोसळत होता. बाई माझ्याशी खाणाखुणांनी बोलत होत्या. आक्का चहा घेऊन आल्या, बाईंच्या ओठांकडे बघून सगळं समजल्या आणि मला पडवीत घेऊन गेल्या.

"बाई चालल्या?"

"अर्ज दिलाय."

"घशापायी?"

मी मान हलवली. आक्कांनी जेवणाचं एक ताट उचललं आणि त्यावर पळी मारली. ताट खणखणलं. मग ताटाखाली तळहात टेकवून पुन्हा पळी मारली. बद्द.

"पत्रा म्हंजी ताटच की. खालनं हात लावला का गप बसतंय."

"एवढ्या पत्र्याला केवढा हात लागेल, आक्का?"

"रबराचा," त्या म्हणाल्या. "आन त्यात तूस."

तुसाचा हिशोब त्यांनी मला नंतर समजावला, तोही माहेरच्या भाषेत. "पालीला गडावर ती शहरातली पोरं येत्यात. कड्याकडं तोंड करून आपलंच नाव वरडत्यात, आन परत आलं का खूश व्हत्यात. कडा काय ठिवून घेत न्हाई. पेंढ्याच्या गंजीपाशी वरडा म्हनावं. ती समदं ठिवून घेती." नुसतं रबर आवाज चघळतं आणि थोडा बाहेर टाकतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. शिवाय नुसत्या रबराची गादी छताला उलटी लावली तर लोंबते. त्यात भाताचं तूस कुटून घातलं, की तिला अंग येतं, आतली भोकं वाकडीतिकडी होतात आणि आवाज आत शिरून हरवतो. कारखान्यात हे कुणी केलं होतं का, असं मी विचारलं. "कारखान्यात मऊ पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "निजायला. हितं निजायचं न्हाई."

बाईंना त्यांनी सरळ सांगितलं, "एक पावसाळा थांबा."

कारखान्यातल्या एका जुन्या मुकादमानं मसाला घातलेला रबराचा चीक धाडायचं कबूल केलं. चीक नासू नये म्हणून त्यात अमोनिया असतो. पहिला डबा आक्का हिर्डोशीच्या एसटीतून घेऊन आल्या, तो प्रवास वाडीत अजून सांगतात.

"आक्का, कुनाला घिऊन निगालाय?" कंडक्टरनं नाक धरून विचारलं. "जित्ता हाय न्हवं?"

"चीक हाय."

"कंच्या म्हशीचा?"

"झाडाचा. नाकावरचा हात काढ, मला कळंना तू काय बोलतोस."

तेव्हापासून वाडीत या प्रकाराला 'आक्काचा खरवस' नाव पडलं. कृतीही तशीच होती. साबणाचं पाणी घालून चीक रवीनं घुसळायचा, फेस तिप्पट झाला की भिजवलेलं तूस घालायचं, मग गोठवणारी पूड. त्यानंतर चार-पाच मिनिटं हातात असतात. तेवढ्यात लाकडी चौकटीत ओतून, अर्ध्या कापलेल्या पिंपात वाफेवर ठेवायचं. त्या चार-पाच मिनिटांत आक्कांशी बोलायला गेलेल्याची धडगत नसे. खिचडीच्या एकाही भांड्याला मात्र त्यांनी हे लागू दिलं नाही.

पहिला घाणा तूस पडताक्षणी फाटला. पांढऱ्या गुठळ्या आणि खाली पाणी. जमलेल्या बायका हसू लागल्या.

"आक्का, ताक आमच्याकडं धाडून द्या."

आक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एक गुठळी चिमटीत धरून वास घेतला. "तूस आंबाट हाय," त्या म्हणाल्या. "दूद नासतंय तसं नासलं." मग दोन दिवस तूस चुलीच्या राखेच्या पाण्यात ठेवलं. लहानपणी पालीला याच पाण्यात कपडे भिजवत, ते त्यांना आठवत होतं. धुऊन, वाळवून पुन्हा केलं. आणखी पाच घाणे गेले. सातवा जमला. त्या तुकड्यावर बोट दाबून, सोडून, त्या बराच वेळ बघत राहिल्या, जसं आपण झोपलेल्या मुलाचा श्वास बघतो.

मे महिना संपेपर्यंत सगळ्या पत्र्याला आतून दोन बोटं जाडीचं, मातकट रंगाचं छत चिकटलं. जूनमध्ये बाई हळू बोलल्या आणि मुलांनी ऐकलं. मी 'नावीन्यपूर्ण उपक्रम' या रकान्यात भरघोस मजकूर भरला. तो रकाना भरायला मिळणं ही माझ्या खात्यात दुर्मीळ संधी असते.

जुलैच्या मध्यावर मी तपासणीला गेलो आणि हजेरीपट उघडून बसलो. वरून छताचा वीतभर तुकडा पटावर पडला, आणि पाठोपाठ एक उंदीर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सहीच्या जागेवरून चालत गेला आणि उतरला. वर बघितलं तर छताला जागोजागी भगदाडं.

कारण लगेच कळलं. तूस वाडीतल्याच छोट्या गिरणीतलं होतं. तिथं तूस, कोंडा आणि तांदळाची कणी एकत्रच पडते. आक्कांनी ती पाखडून काढली नव्हती. त्यांच्या बारीक नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. ते त्यांना दिसलं होतं. पण आक्का जेवणानंतर मुलांच्या ताटाबाहेरचं एकेक शीत वेचणाऱ्या. कणी म्हणजे अन्न, आणि अन्न टाकायचं नसतं. म्हणून त्यांनी ती छतात घातली. उंदरांनी हा विचार पूर्णपणे मान्य केला.

ऑगस्टपर्यंत पत्रा पुन्हा उघडा पडला. बाईंनी बदलीचा अर्ज नव्यानं लिहून माझ्या हातात दिला.

"म्या चुकले," आक्का बाईंना म्हणाल्या. "दाना टाकायचा न्हाई ही चुलीपाशीची रीत. म्या ती छताला लावली. आजून एक पावसाळा द्या."

"आक्का, माझ्याकडे घसा एकच आहे."

"व्हय. म्हनूनच म्हंते."

बाईंनी टेबलावरचा खडू उचलला. मग म्हणाल्या, "राहिलेला पावसाळा मी तोंड उघडणार नाही. फळ्यावर लिहून शिकवीन. पुढच्या आषाढात एकदा बघू. नाही झालं तर सर अर्ज पुढे पाठवतील."

मी अर्ज पिशवीत ठेवला आणि पाठवला नाही. नोकरीत मी केलेलं हे एकमेव धाडस, आणि तेही काहीही न करण्याचं.

त्या हिवाळ्यात भोरला एक प्रदर्शन भरलं. कुणीतरी माझा जूनमधला भरघोस मजकूर वाचला होता. उंदरांचं पत्र वेगळ्या टेबलावर गेलं होतं. मंडपावर फलक होता, 'टाकाऊतून टिकाऊ'. त्यावर अकरा चेहरे होते, त्यांत आक्कांचा नव्हता. प्रमुख पाहुण्यांनी ध्वनिप्रदूषणावर दोन भल्या मोठ्या कर्ण्यांतून पाऊण तास भाषण केलं. मग आक्कांना शाल घालून माईक हातात दिला. त्यांनी आधी माईक पेरानं ठोकून पाहिला.

"टाकाऊ कुनाला म्हंता?" त्या म्हणाल्या. "पेंढा जनावराला जातो. तूस भट्टीला. पाला राबाला, रोप टाकायच्या आदी शेत भाजायला. आमच्यात टाकाऊ काय नसतं. म्या तूस मागून आनलंय, आन चुकीचं आनलं व्हतं. आता बरूबर आनीन."

टाळ्या पडल्या. न कळलेल्या गोष्टीला पडतात तशा, भरपूर. नंतर एका तरुण इंजिनिअरनं मोबाईलवर आवाज मोजायची सोय दाखवली. तुमच्या छतानं किती आकडा कमी होतो ते यात कळेल, म्हणाला. पोरगा भला होता. आक्कांनी त्याचं सगळं बोलणं नीट ओठांवरून वाचलं आणि विचारलं, "त्या आकड्यावरनं मागच्या रांगेतल्या पोरीला बाई काय बोलल्या ते कळंल का?"

"तसं थेट नाही कळणार."

"मग माझं हाय ते बरं हाय."

त्यांचं होतं ते म्हणजे श्रुतलेखन. छत लागायच्या आधीच्या पावसाळ्यात, बाईंचा घसा पुरता बसण्यापूर्वी, भर पावसात त्यांनी बाईंना नेहमीच्या आवाजात दहा शब्द सांगायला लावले होते आणि मागच्या रांगेच्या पाट्या तपासल्या होत्या. दहांपैकी कुणाचे दोन बरोबर, कुणाचा एक. ते स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं होतं. हस्ताक्षर उत्कृष्ट नव्हतं.

बरोबर आणायचं म्हणजे उत्रोलीकडच्या मोठ्या गिरणीतलं तूस, जिथं ते कोंड्यापासून वेगळं निघतं. टेम्पोवाल्यानं ते हिर्डोशीला टाकलं. तिथून वाडीपर्यंत पोती डोक्यावर. एवढं करून आक्कांनी ते तीनदा पाखडलं. अंगणात सुपाच्या मागे बसलेल्या, चेहरा तुसानं भरलेला, आणि शेजारी कोंबड्यांची झुंबड. निघालेली चिमूटभर कणी त्या कोंबड्यांपुढे टाकत होत्या, पण प्रत्येक वेळी मुठीतून सुटायला जरा वेळ लागत होता.

नवा माल झाला तेव्हा त्यांनी तो थेट शाळेत नेला नाही. दोन तुकडे स्वतःच्या घरात, भाताच्या कणगीमागे, जिथं उंदरांचं राज्य, तिथं महिनाभर टांगले. रोज सकाळी जाऊन बघायच्या. एकदा मी विचारलं, काय म्हणतात उंदीर? "वास घिऊन जात्यात," म्हणाल्या. "माझ्यावर इस्वास न्हाई ऱ्हायला त्यांचा."

महिना संपला तेव्हा तुकडे जसेच्या तसे होते. मग पुन्हा चीक, पुन्हा रवी, पुन्हा पिंप. यंदा वाडीतल्या बायका हसायला न येता घुसळायला आल्या. जूनच्या आधी छत पुन्हा पुरं झालं.

आषाढात मी ठरल्या दिवशी पोचलो. पाऊस होता, पण आक्कांच्या मनासारखा नव्हता. "आजून न्हाई. वाडू द्या." दुसऱ्या दिवशीही तेच. बाई खुर्चीत बसून होत्या, अर्ज माझ्या पिशवीत होता, आणि आक्का दारात उभ्या राहून डोंगराकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरचा डोंगर दिसेनासा झाला. बाहेर पडवीत शेजारच्याचं बोलणं कळेना. आक्कांनी आत येऊन बाईंना मानेनं खूण केली.

आत पाऊस होता, पण खालच्या गावात पडत असावा तसा. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या चिमणीच्या आवाजात एकेक शब्द सांगू लागल्या. मान ताणली नाही, घशाची शीर फुगली नाही. आक्का बाईंकडे बघत नव्हत्या. त्या मागच्या रांगेच्या पाठीशी उभ्या राहून पाट्यांवरच्या पेन्सिली बघत होत्या. एखादी पेन्सिल थबकली की त्यांचा पदर धरलेला हात आवळे, चालू लागली की सैल होई.

सहा पाट्या होत्या. नऊ, आठ, दहा, नऊ, आठ. सहावीवर दोन. पण ती मुलगी कडक उन्हातही दोनच लिहायची, पावसाचा त्यात काही हात नव्हता.

बाईंनी पाट्या दोनदा तपासल्या. मग माझ्याकडे हात पुढे केला. "सर, तो अर्ज."

मी पिशवीतून काढून दिला. वर्षभरात त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. बाईंनी तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या श्रुतलेखनाचे दहा शब्द लिहून काढले आणि कागद टेबलावर, डस्टरखाली ठेवला. मी आक्कांकडे पाहिलं. त्या स्टुलावर चढून, ईशान्येच्या कोपऱ्यातलं छत पेरानं ठोकत होत्या.

"हितं जरा सुटलंय," त्या म्हणाल्या. "म्हनून त्या दोघींचे आठच आले."

विलीनीकरणाचा कागद अजूनही फिरतो, असं ऐकतो. पण ज्या शाळेत शिक्षक आहे आणि मुलं वाचतात, तिच्यावर टेकायला त्याला अजून जागा सापडलेली नाही.

निवृत्त झाल्यावर, गेल्या श्रावणात, मी एकदा वर गेलो. माझ्याकडे आता कुठला रकाना भरायचा नव्हता. पाऊस जोरात होता म्हणून आधी स्वयंपाकाच्या खोलीत शिरलो. आक्का चुलीपुढे होत्या. कानांनी आता जवळजवळ पूर्ण रजा घेतली होती. वरचा पत्रा उघडा होता आणि त्या खोलीत असा काही गोंगाट होता, की माझंच बोलणं मला कळेना. मी पत्र्याकडे बोट दाखवून ओरडलो, "इथं कधी लावणार?"

त्यांनी ओठ वाचले.

"हितं चूल हाय. रबर पेटतं," त्या म्हणाल्या. म्हणाल्या असाव्यात, मीही ते ओठांवरूनच वाचलं. मग म्हणाल्या, "आन हितं कोन शिकतंय?"

बोलायचं असेल तर वर्गात जा, अशी त्यांनी हातानं खूण केली. मी निघालो. दारातून वळून पाहिलं, तर त्या पातेल्यात वाकून तळापासून खिचडी हलवत होत्या. उलथणं पातेल्याला घासत असणार. आम्हा दोघांपैकी कुणालाच ते ऐकू येत नव्हतं.